मामांची बंद खाण

सोनं नाही, हे सांगण्यात आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका तरबेज माणूस उभ्या मावळात सापडणार नाही. सोनं आहे म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. मामा पडले भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं 'इथे नाही, तिथेही नाही' असं लेखी कळवण्यात काढली आणि त्या बळावर तळेगावात फ्लॅट घेतला. त्यांचं सगळ्यात मोठं 'नाही' अरबस्तानच्या वाळवंटातल्या एका सोन्याच्या खाणीला गेलं. ती खाण त्यामुळे बंद पडली, पण मामांच्या बोलण्यात ती अजून तिन्ही पाळ्यांत चालू आहे.

कुठल्याही विषयावरून ते खाणीत उतरतात. आमच्या लग्नात हिच्या मंगळसूत्राकडे निरखून पाहत, "एवढ्यासाठी ट्रकभर दगडाचं पीठ झालं असेल बरं का," असा त्यांनी आशीर्वाद दिला. कार्ल्याच्या लेण्यात आम्ही खांब बघत होतो, तर हे मोबाइलचा उजेड छताला लावून लाव्ह्याचे थर बघत होते. दगडात सोनं येतं कसं, हे एकदा मी चुकून विचारलं. मामांनी सरळ आमचा गिझर उघडला. "कॉइलवर हा पांढरा क्षार बसलाय ना, जावईबापू? जमिनीच्या पोटात असंच कढत पाणी भेगांमधून वर येतं. निवलं की मागे गारगोटी ठेवतं, आणि नशीब असेल तर गारगोटीत सोन्याचे कण." मला अगदी लख्ख समजलं. गिझर मात्र त्यांना परत जोडता आला नाही, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही गॅसवर पातेली चढवून आंघोळी केल्या.

त्या खाणीची कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की आता वाळू माझ्याही दाताखाली येते. फार जुन्या काळी तिथल्या माणसांनी दगडी हातोड्यांनी गारगोटीची शीर खणली आणि जात्यांवर दळली. ती जाती अजून वाळूत पडून होती. मामा त्यांवर बसून डबा खात. सोनं संपलं की पाणी, कोण जाणे, ती माणसं निघून गेली. कैक शतकांनी एक कंपनी यंत्रं घेऊन आली. पत्र्याची वस्ती उभी राहिली, चहाची टपरी आली. मामांनी खोल भोकं पाडून पाहिलं, तर शीर बारीक होत होत विरून गेलेली. त्यांनी 'बंद करा' म्हणून कळवलं. वस्ती उठली त्या दिवशी टपरीवाला केरळी चाचा एवढंच म्हणाला, "साब, थोड़ा और नीचे देख लेते?" हे सांगताना मामा चष्मा पुसतात. "माझं काही चुकलं नव्हतं हो," म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडे मुक्कामाला असताना लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे आबा आले. आम्ही त्यांच्याकडूनच इंद्रायणी तांदूळ घेतो. पिशवीतून त्यांनी एक दगड काढला. नव्या विहिरीत निघालेला, आतून सगळा लखलखता.

"सायेब, ह्यात सोनं हाय का बगा की. लय चमाकतंय."

मामांनी भिंग लावलं. 'नाही' म्हणायची अशी आयती संधी, पण त्यांचा आवाज पडला. "सोनं नाही, आबा."

"मंग ऱ्हाऊ द्या. पानी बी न्हाई, सोनं बी न्हाई. उद्या यारीवाला सामान हालवतोय. खड्डा बुजवून टाकतो."

शेजारी लोणावळ्यात बंगल्यांचे पोहायचे तलाव तुडुंब भरलेले असतात, आणि आबांच्या घरच्या मावशी एप्रिल-मेमध्ये लांबच्या ओढ्यावरून हंडे आणतात. ती विहीर म्हणजे त्यांची शेवटची आशा होती. "बुजवू नका," मामा म्हणाले. "मला आधी विहीर दाखवा."

दगड वर ओढायच्या त्या यारीच्या बादलीत बसून आमचे मामा, डोक्यावर हिची ओढणी गुंडाळून, विहिरीत उतरले. वर आले ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. "हे चमकणारे खडे थिजलेल्या लाव्ह्याच्या बुडबुड्यांत धरलेत," ते म्हणाले. "कधीकाळी इथून पाणी फिरल्याशिवाय ते धरत नाहीत. आणि खालचा दगड जाळीदार, कुजका लागायला लागलाय. अशा दगडात पाण्याला जागा असते."

"पर लागंल का पानी?" आबांनी विचारलं.

नाही म्हणताना कधी न अडखळलेले मामा अडखळले. हातातला खडा उगाच फिरवत राहिले. "छातीठोक सांगता येत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर आणखी खाली गेलो असतो."

यारी हलली नाही, खोदाई पुढे सुरू झाली. मामांचं मात्र अन्नावरून लक्ष उडालं. रोज सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते औंढे गाठत आणि छत्री उघडून दगडांच्या ढिगावर बसत. सुरुंग उडाला की डोळे मिटून घेत. मलाही धाकधूक वाटायची, विहिरीपेक्षा मामांची जास्त.

एका दुपारी सुरुंगाचा धूर निवळला तेव्हा तळाच्या कपारीतून पाणी झिरपत होतं. आबा तिथेच खाली बसले. मावशींनी तांब्या भरून वर मागवला आणि मामांच्या पुढे धरला. "घ्या भाऊ, पयलं तुमी."

मामांनी तो मातकट तांब्या घटाघटा रिकामा केला आणि पाठ फिरवली. डोळ्यांत धूळ गेली असेल म्हणून मी जवळ गेलो, तर मामा रडत होते. मला बघून त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"मावशींना सांगा," म्हणाले, "चार दिवस गाळून प्या म्हणावं. गढूळ आहे अजून."