मार्करनं जिंकायचं नसतं

रोज दहा-बारा माणसं एका जागी जमली की किस्से साचतातच, ते कुणी झाडून टाकत नाही. आमच्या यवतमाळच्या बॅडमिंटन क्लबाचे किस्से मी जन्मभर लोकांना सांगून हसवत आलो. त्यातले बहुतेक देविदासचे. तो त्यातल्या एकाही किश्शात हसलेला नाही, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

छप्पन सालानंतरची ही चार-पाच वर्षं. क्लब साहेबलोकांचा आणि वकिलांचा. मी एका वकिलाचा ज्युनिअर आणि क्लबाचा मानद सेक्रेटरी. देविदास विशीतला, लोहाऱ्याहून सायकलनं यायचा. तो क्लबाचा पगारी मार्कर. जाळी बांधायची, गुण पुकारायचे आणि मेंबर कमी पडला की खेळायचं, हे त्याचं काम.

*

मार्करनं जिंकायचं नसतं. पण हरायचंही बेतानं! पंधरा-पाचनं हरला तर मेंबरांना वाटायचं, टंगळमंगळ करतोय. पंधरा-बारानं हरला की समोरचा मेंबर खूश होऊन घरी जायचा.

एकदा डेप्युटी कलेक्टरसाहेबांना शंका आली. "देविदास, तू मुद्दाम हरतोस का रे?"

"नाही साहेब, लय मेहनत करून राह्यलो."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

*

शटलची नवी फुलं मेंबरांची, पिसं मोडलेली देविदासची. दुपारी क्लब रिकामा असला की तो ती भिंतीवर मारत राहायचा. तीन पिसांचं फूल कसंही वळतं, तरी त्याची रॅकेट तिथं हजर असायची.

पुसदच्या क्लबाशी सामना ठरला आणि आमचा एक खेळाडू तापानं पडला. नाइलाजानं देविदासला उभं केलं. मी त्याला बजावलं, "आज जिंकायचं बरं." त्यानं त्यांचा सगळ्यात तगडा माणूस पंधरा मिनिटांत गुंडाळला. मी विचारलं, "कसं काय जमलं रे?"

"भाऊ, नवं फूल सरळच येते. त्याले मारायले काय लागते?"

मग फोटो निघाला. सगळे त्यात आहेत. देविदास तेव्हा जाळी सोडत होता.

*

देविदासच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती. आमच्यातल्या एका बुजुर्ग वकिलांना थट्टेची लहर आली. "काय रे, बौद्ध झालास म्हणे. मग बदललं काय?"

"माह्यं तं बदललं, वकीलसाहेब. तुमचा माठ अजून तिथंच हाये."

माठ मेंबरांचा होता. देविदास पाणी घरून बाटलीत आणायचा. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि माठातलं पाणी प्यालो.

*

नागपूरच्या स्पर्धेला क्लबातर्फे एकच नाव जायचं. ते दरवर्षी माझं असायचं, आणि दरवर्षी मी पहिल्या फेरीत हरून परत यायचो. एका वर्षी मला उदारपणाचं भरतं आलं. म्हटलं, यंदा देविदास जाईल. फॉर्म मीच भरला. व्यवसायाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, ‘क्लबाचा मार्कर’.

फॉर्म परत आला. खेळण्याचा पगार घेणारा तो धंदेवाईक, आणि स्पर्धा फक्त हौशी लोकांची!

देविदासला कळेना. "काहून भाऊ, मले खेळता येते म्हणून नाही घेत?"

"पगार घेतोस म्हणून."

"मंग आपले साहेब बिनपगारी हायेत काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरी सोडली. घरात कमावता तो एकटाच होता.

*

आता स्पर्धेला जायचं तर आधी क्लबाचा मेंबर व्हायला हवं. त्याला दोन मेंबरांच्या सह्या लागायच्या. देविदास कागद घेऊन डेप्युटीसाहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, "सही करतो, पण आधी माझ्याशी एक मॅच खेळ."

आता त्याला पगार नव्हता. देविदास खेळला. पहिला गेम पंधरा-शून्य. दुसराही तसाच. आम्ही म्हटलं, झालं, संपलं सगळं. साहेबांनी घाम पुसला. मग म्हणाले, "इतके दिवस मी खेळत नव्हतो, तू मला खेळवत होतास." आणि त्यांनी सही केली.

दुसरी सही माझी. मेंबर होण्याचा कागद आणि नागपूरचा नवा फॉर्म, दोन्ही घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. हा मेंबर झाला की नागपूरला माझं नाव पुन्हा कधी जाणार नाही, हे मला आधी कळत नव्हतं असं नाही. पण ती दोन शून्यं बघितली आणि मला त्याचा हेवा वाटला. आजही सांगताना लाज वाटते.

मी म्हटलं, "पेनातली शाई संपली रे."

त्यानं खिशातलं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "उद्या ये."

नागपूरचा फॉर्म पाठवायचा तो शेवटचा दिवस होता, तारीख फॉर्मवरच छापली होती. देविदासनं ती एकदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "बरं भाऊ."