सोकोना आणि जहाजाचं लोखंड

सोकोनाला आमच्या गावात कुणी गोड म्हणत नसे आणि तिलाही त्याची फिकीर नव्हती. मामादी लोहाराची ती विधवा, माझी कुंपणाशेजारीण. लोहारांच्या बायकांनी मडकी घडवायची ही आमच्याकडची रीत, पण सोकोनाची खरी कारागिरी मडक्यांत नव्हती. डोंगरातला दगड वितळवून लोखंड काढायची जी उंच भट्टी असते, तिच्यात भात्याचा वारा मातीच्या नळ्यांतून सोडतात. त्या नळ्या ती करायची. तिची नळी आगीत तडकली, असं मी कधी ऐकलं नाही.

मग गोऱ्यांच्या जहाजांतून उतरलेलं लोखंड गांबिया नदीनं वर येऊ लागलं. चपट्या, तयार पट्ट्या. दगड खणायला नको, कोळशासाठी झाडं तोडायला नकोत. मामादीच्या मागे त्याच्या मुलानं, दाउदानं, भट्टी एकदाही पेटवली नाही. पावसानं तिची भिंत खचली आणि आत शेळ्या बसू लागल्या.

पट्ट्या सेकुबा नावाचा व्यापारी आणायचा. बदल्यात तो माणसं न्यायचा. कुठल्या लढाईत धरलेली, कुठे वाटेत पकडलेली, गळ्यात दोर बांधलेली. सगळ्यांना ठाऊक होतं. चांगली कुदळ हातात आली की दोराबद्दल कोण बोलतंय?

सोकोना बोलायची. "आई, नवी कुदळ घे, तुझी झिजून चमच्याएवढी झालीय," दाउदा म्हणाला, तर ती म्हणे, "चमचा तर चमचा. माणूस देऊन आणलेल्या लोखंडानं मी बाजरी पेरत नाही."

"मग पोरांना काय खाऊ घालू? तुझ्या नळ्या?"

मायलेकांत एवढंच बोलणं उरलं होतं.

एका उन्हाळ्यात सेकुबाची माणसं शेवरीच्या झाडाखाली विसाव्याला थांबली होती. दोरातली एक मुलगी कशी कोण जाणे सुटली आणि धावत थेट लोहारशाळेत शिरली. तिनं ऐरणीला मिठी मारली. गुराखी जमातीची, ताक्को नावाची, वयात आलेली पोर. आमच्याकडे कायदा असा, की ऐरण धरली आणि हातोडा वाजत असला, तर त्या माणसाला राजासुद्धा ओढून नेऊ शकत नाही.

सेकुबा दारात आला. आत पाऊल टाकलं नाही त्यानं. कायदा त्यालाही ठाऊक होता.

"दाउदा, बाबा, जेवायची वेळ झाली. हातोडा ठेव, जेवून ये."

"सेकुबादादा, तिनं ऐरण धरलीय."

"मी कुठं ओढतोय तिला? तू जेवून ये एवढंच म्हणतोय. नसेल भूक, तर राहू दे. पुढच्या पट्ट्या खालच्या गावच्या लोहाराला देतो. त्याला भूक चांगली लागते."

त्याची माणसं हसली. दाउदानं आणखी दोन घाव घातले. मग त्यानं हातोडा खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर आला.

आवाज थांबलेला सोकोनाला अंगणात कळला. मळलेल्या मातीचे हात तसेच घेऊन ती आली. बाईमाणसानं लोहारशाळेत पाऊल ठेवू नये, अशीही रीत आहे. ती सरळ आत गेली, हातोडा उचलला आणि गार पट्टीवर घातला.

"म्हातारे, बाईच्या हातोड्याला कायदा नाही," सेकुबा म्हणाला.

"कुणी सांगितलं? आत ये ना, बघू या."

"थकशील."

"थकले की ये."

सोकोना ठोकता ठोकता पोरीवर खेकसली, "ए दूधचोर, ही काय गाय वाटली तुला, मिठी मारायला?" लोहार आणि गुराखी यांनी एकमेकांची टर उडवायची, राग मानायचा नाही, असं वाडवडिलांपासून चालत आलंय. उत्तर न देणं हा अपमान. पोरीनं रडत रडतच उत्तर दिलं, "कोळसे खाणाऱ्यांच्या घरी दूध कुठून सापडायचं?"

"तोंड शाबूत आहे, म्हणजे जगशील. धरून ठेव."

ऊन कललं. सेकुबानं दाउदाला खुणावलं. तो आत गेला.

"आई, ठेव ते. घरात पोरं आहेत."

"हीपण कुणाची तरी पोर आहे."

त्यानं तिचं मनगट धरलं. ती थांबली नाही, म्हणून त्याचाही हात वरखाली होऊ लागला. "घे काढून," ती म्हणाली. "पण आईचा हात पिळून बापाचा हातोडा गप्प केला, हे वर गेल्यावर तूच त्याला सांग." दाउदानं हात सोडला.

मी कुंपणाशी उभी राहून देवाचं नाव घेत होते. दुसरं काही सुचेना.

नदीला ओहोटी लागली की त्याची नाव सुटणार होती. सेकुबाला निघणं भाग पडलं. जाताना तो थुंकला आणि म्हणाला, "या गावात आता खिळासुद्धा यायचा नाही." दोरातले बाकीचे त्याच्यामागून गेले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

निरोप गेल्यावर ताक्कोचे मामा येऊन तिला घेऊन गेले. सेकुबानं शब्द पाळला. पेरणी तोंडावर आली आणि गाव सोकोनावर उलटलं. विहिरीवर बायका तिला दोर देईनात. "एका दूधचोर पोरीपायी आमच्या कुदळी गेल्या," एकीनं तोंडावर ऐकवलं.

"मग दातांनी उकरा," सोकोना म्हणाली, आणि स्वतःचा दोर आणायला घरी गेली.

तिनं नव्या नळ्या करून अंगणात वाळत घातल्या. दाउदानं त्यांना हात लावला नाही. दगड कुठल्या अंगाचा घ्यायचा, आग किती दिवस राखायची, हे बापाकडून त्यानं शिकूनच घेतलं नव्हतं, आणि आता कबूलही करायचं नव्हतं. एका सकाळी तो बायकापोरांना घेऊन खालच्या गावच्या लोहाराकडे भाता ओढायला निघाला. आईच्या पाया पडला नाही.

"तुझ्या देवाला सांग लोखंड पाठवायला," तो दारातून म्हणाला.

"त्यानं कधीचंच डोंगरात घालून ठेवलंय," ती म्हणाली. "तुलाच वाकायला नको."

नातवंडं वळून वळून बघत होती. तिनं दार लावून घेतलं.