बुधवारची मालिका

काल मोबाइलवर अचानक ती जुनी, कृष्णधवल गुन्हेगारी मालिका सापडली. टीव्ही नवीन होता तेव्हाची. दर बुधवारी नवी गोष्ट, नवा खून. नट मात्र तेच चार-पाच. मागच्या बुधवारी नवऱ्याने गळा दाबून मारलेली बाई या बुधवारी दुसऱ्याच नवऱ्याला चहा देताना दिसायची. आम्ही भावंडं ओरडायचो, "अरे, ही तर मेली होती!"

एकदा आम्ही असेच ओरडलो, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमटी खारट झाली म्हणून बाबांनी थोड्या वेळापूर्वी ताट भिरकावलं होतं. फरशी पुसलेलं फडकं अजून तिच्या हातात होतं. पडद्याकडे बघत ती म्हणाली, "हिचं बरं आहे बाई. मेली की पुढच्या बुधवारी दुसरं घर."

आम्ही खो खो हसलो. बाबाही हसले.

काल ती नटी पुन्हा प्रसन्न चेहऱ्याने चहा ओतत होती, आणि मला ते बघवेना. त्या मालिकेत प्रेत सापडायचं, म्हणून गुन्हाही सापडायचा. आमच्या घरात आई जिवंत होती. पुढे कितीतरी वर्षं वाढण्याआधी ती आमटी तळहातावर घेऊन चाखत राहिली.