दोन ओळींचं बेट

माझी पत्नी गेल्यानंतरचे सात महिने मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच हकीकत सांगत होतो. ताप कधी आला, दवाखान्यात कधी हलवलं, अठराव्या दिवशी सकाळी काय झालं. भेटायला आलेल्यानं विचारायचं आणि घरच्यानं सांगायचं, ही आमच्याकडची रीत. माणसं अंबडहून येत, घोटीहून येत. यायचं राहून गेलेली दिवाळीनंतरही येत. सांगून सांगून माझी वाक्यं पाठ झाली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानाही ती ओठांवर येत. चोवीस वर्षांच्या संसारातले तेवढे अठरा दिवसच माझ्यापाशी उरतात की काय, अशी धास्ती मला वाटू लागली होती. डोळे मिटले की सलाईनची बाटली दिसे. तिचं साधं बोलणं काही केल्या आठवत नसे.

त्सुनामीच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट. पर्यटनाच्या एका पत्रकात अंदमानच्या पानावर बाकीच्या ठिकाणांखाली परिच्छेदच्या परिच्छेद होते, नील बेटाखाली मात्र दोनच ओळी. बेट एवढंसं, सायकलवर तासा-दोन तासांत संपणारं. तिथं बघण्यासारखं फार काही नाही, असं तिकीट काढून देणारी मुलगीही म्हणाली. मी तिथलंच तिकीट काढलं.

थोरल्या भावाला ते रुचलं नाही. "वर्ष तरी होऊ दे," तो म्हणाला. "लोक म्हणतील, हा निघाला मजा मारायला." मी बेत मोडणारच होतो. पण सासूबाई त्या आठवड्यात सटाण्याहून आल्या होत्या. भाकरी मोडता मोडता त्या खाली बघूनच म्हणाल्या, "जा तुम्ही. तिथं कोणी इचारनार नाय."

भावानंच मग माळ्यावरून माझी बॅग काढून दिली.

धक्क्यावर बोटीतून उतरलो तेव्हा पाण्याचा तळ दिसत होता. राहायला चार खोल्यांचं लाकडी घर होतं, मागं भाजीची वाडी. घरमालक बंगाली, साठीचा. त्यानं वहीत माझं नाव लिहिलं, विचारलं, "अकेले?" मी हो म्हणालो. "खाना आठ बजे," तो म्हणाला आणि वही मिटली. मी खोलीत गेलो आणि दुपारभर झोपलो. कित्येक महिन्यांत तसा झोपलो नव्हतो.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. ओहोटीला समुद्र पार मागं सरे, खडकांतल्या डबक्यांत निळे मासे अडकून राहत. ते बघायचं, नारळपाणी प्यायचं, बरोबर आणलेलं पुस्तक उघडून पोटावर ठेवायचं. रस्ता कुठूनही निघाला तरी समुद्राशीच संपत होता, त्यामुळे कुठं जायचं हे ठरवावंही लागत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी बोटीतून कांद्याचं पोतं आलं. मी नाशिकचा हे कळल्यावर घरमालकानं ते माझ्यापुढंच आणून ओतलं. त्याच्या वाडीत टोमॅटो, काकडी सगळं होई. कांदा मात्र बाहेरून येई आणि निम्मा सडे. "आप लोग कैसे पहचानते हैं?" त्यानं विचारलं.

मी एक कांदा उचलला आणि अंगठ्यानं त्याची पातीकडची मान दाबली. मान मऊ लागली तर कांदा टिकत नाही. हे मला तिनं शिकवलं होतं. ती सटाण्याची, भाजीबाजारात एकेका कांद्याची मान दाबून बघायची. एकदा विक्रेता चिडून म्हणाला होता, "ताई, कांदा घेताय का जावई बघताय?" त्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "जावई बघताना आमच्या घरच्यांनी एवढं दाबून बघितलं नाही. म्हणून कांद्याला बघते." आणि माझ्याकडे वळून पिशवी पुढं केली होती.

मोडक्यातोडक्या हिंदीत मी हे सांगितलं. घरमालक इतका हसला की आतून त्याची बायको बाहेर आली, मग तिलाही पुन्हा सांगावं लागलं. आम्ही तिघांनी अख्खं पोतं निवडलं. माझी पत्नी पिशवी कशी पुढं करायची, पदर कसा खोचायची, मी बोलतच होतो.

दवाखान्याचं नावही निघालं नव्हतं, हे नंतर पाण्यात उभा असताना ध्यानात आलं. तिचा तो किंचित खरखरीत आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.