भाऊ म्हणजे परमेश्वर

जळगावच्या कॉलेजात बी.ए. करत होतो, तेव्हा सरांनी आम्हाला कादंबरी वाचायला शिकवली. म्हणजे कादंबरीतलं बंद दार हे नुसतं दार नसतं, हे शिकवलं. मला ते इतकं भिनलं की मेसच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी मी त्यात गूढार्थ शोधायचो. मित्र यथेच्छ टर उडवायचे.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला घरी गेलो तो कोरी वही घेऊनच. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधून दिवसभर गातात. त्यांना आणायला भावानं जायचं असतं. त्या गाण्यांवर लेख दे, कॉलेजच्या वार्षिकात छापू, असं सर म्हणाले होते.

माझी मोठी बहीण सोनगीरजवळच्या खेड्यात दिलेली. त्या वर्षी तिला वडिलांनी आणलं होतं. आदल्या वर्षी ते आजारी होते, म्हणून मला पत्र लिहिलं होतं, अक्काला घेऊन ये. मी गेलो नाही. ‘कादंबरीतील दुरावा’ या विषयावर निबंध लिहीत जळगावातच बसलो. तिची आखाजी सासरीच गेली. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो, आणि मला ते सोयीचंच होतं.

दुपारी ती झोक्यावर गात होती. गाण्यातली बहीण भावाची वाट पाहते. सगळ्यांच्या बैलगाड्या येतात, हिच्या भावाची येत नाही, तरी ती धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावरून, खाली उतरत नाही. ते न उतरणं मला फारच थोर वाटलं. मी तिचं गाणं थांबवून माझं टिपण वाचून दाखवलं. वाट म्हणजे आयुष्य. भाऊ म्हणजे परमेश्वर. धाबं म्हणजे भक्ताची निष्ठा.

अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊ, बाकीनं गानं जुनं शे,” ती म्हणाली. “धाबानी ओळ मी जोडेल शे. मांगला साल सासरना धाबावर हुभी राहीसन तुनी वाट देखी. तू उना नही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची म्हणून मी वही मिटली. तिनं पायानं झोका थांबवला.

“पुढला साल अर्थ नको सांगजो,” ती म्हणाली. “माले लेवाले येजो.”