ताटलीएवढा तवा

धारूरच्या बाजारात रुद्रप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावात केबल आली, रेडिओ माळ्यावर गेले, तरी दुकान उघडंच. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, तेव्हा गुप्तधनाचं खूळ घरोघर. त्रिंबक नावाच्या एका हौशानं तर मुंबईहून धातू शोधायचं यंत्र आणलं. ते बिघडून रुद्रप्पाकडं दुरुस्तीला आलं, आणि तोवर त्रिंबकाची हौस फिटल्यामुळं तिथंच राहिलं. आता त्याचं खूळ रुद्रप्पाच्या मानगुटीवर बसलंय, असं लोक म्हणू लागले. म्हणेनात का! रुद्रप्पाला सोनं नको होतं.

त्याला लेकीची जागा हवी होती. चिमुरडी कावेरी, घरातली काऊ, तापानं गेली तेव्हा हा सुटे भाग आणायला मुंबईला गेलेला. परतेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत. गळ्यातलं लिंग हातावर ठेवून मातीत देतात. लिंगाची चांदीची डबी सोबत ठेवायची की काढून घ्यायची, हे ज्याच्या त्याच्या घरचं. ठेवलीच असणार, असं रुद्रप्पा धरून चालला. बायकोला, शिवकांताला, त्यानं कधी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल त्या घरात कुणी तोंडच उघडत नसे.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. बुलडोझरनं रुद्रभूमीची, म्हणजे त्यांच्या दफनभूमीची, एक कड खरवडली आणि कावेरीच्या जागेवरचा दगड कुठल्या कुठं गेला. ज्यांना आपापल्या जागा ओळखू आल्या, त्यांनी तिथली माती उचलून पलीकडं नेली. सोमवारी खडी पडणार होती. मग लेकीच्या अंगावरून ट्रक जाणार होते.

यंत्राच्या टोकाला तारेची गोल कॉइल असते. गावानं तिचं नाव तवा पाडलं होतं. त्रिंबकाचा तवा परातीएवढा. तो खोल पाहायचा, पण हंड्या-घागरींपुरता. सुपारीहून जराशी मोठी डबी त्याच्या खिजगणतीत नव्हती. रुद्रप्पानं तांब्याची तार गुंडाळून बशीएवढा तवा केला. तो टाचणीलाही ओरडे, पण वीतभराखाली ठार आंधळा. खरवडल्यानंतरही पोर मांडीभर खोल असणार. मधलं माप हवं होतं.

ते माप कळावं म्हणून त्यानं स्वतःचं लिंग फडक्यात बांधून गळ्यात अडकवलं आणि रिकामी डबी अंगणात मांडीभर खोल पुरली. शिवकांता धावत आली.

"अवो, काय करायलात हे? जित्या माणसानं आपली डबी मातीत घालू नये!"

"काऊच्या डबीवानीच हाय ही. ही वाजली की तीबी वाजंल."

शिवकांता पांढरीफटक पडली. तशीच आत गेली.

ताटलीएवढ्या तव्यावर अंगणातली डबी वाजली. मग रोज संध्याकाळी रुद्रप्पा कानाला हेडफोन लावून रुद्रभूमीत फिरू लागला. खिळे वाजले, नाल वाजली; डबी नाही. कानातल्या घरघरीत त्याला तापानं फणफणलेल्या पोरीचा श्वास ऐकू येई.

"भुताला रेडिओ ऐकवतो का बे?" शेजारचा धुळाजी एकदा ओरडला. रुद्रप्पानं वर पाहिलं, तेव्हा धुळाजीनं आपली वाट धरली. भलत्या वेळी भलती चेष्टा!

रविवारी शिवकांता दुपारीच देवळात म्हणून गेली. संध्याकाळी ती त्याच्याबरोबर रुद्रभूमीत आली आणि बाभळीखाली उभी राहिली. रुद्रप्पा तिथं पोचला आणि यंत्र किंचाळलं. तो गुडघ्यावर पडला, हातांनीच उकरू लागला. वीतभरही खणावं लागलं नाही. डबी हाती आली.

चांदी लख्ख होती. त्यानं ती नाकाजवळ नेली. मातीचा नव्हे, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आला. त्यानं शिवकांताच्या हातांकडं पाहिलं. नखांत काळी माती होती.

"घावली का वं?" तिनं विचारलं.

रुद्रप्पाला रडू फुटलं.

"घावली," तो म्हणाला. "हितंच हाय आपली काऊ."

तिनं पदर पसरला, त्यानं त्यात माती भरली, आणि दोघांनी ती पलीकडं नेऊन ठेवली.

रस्ता झाला. पण रुद्रभूमीपाशी आलं की नवरा-बायको डांबरावरून उतरायचे आणि काट्याकुट्यांतून कडेकडेनं चालायचे. का, ते दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.