आपापला प्रयोज्य

शैक्षणिक मानसशास्त्राच्या एम. ए.ला प्रॅक्टिकलची एक रीत असते. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस विद्यार्थ्यानंच शोधून आणायचा. आमच्या भोपाळला सगळं शिक्षण हिंदीतून, त्यामुळे या माणसाचं नाव ‘प्रयोज्य’. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात कुणाची जाऊ, कुणाचा भाचा, कुणाची घरमालकीण, सगळे नटूनथटून बसलेले असतात. जणू आत साखरपुडा आहे. प्रयोज्य नाही तर परीक्षा नाही, एवढा साधा नियम.

पहिल्या वर्षी माझी प्रयोज्य आई होती. कोटऱ्याच्या आमच्या घरून ती ठेवणीतली साडी नेसून आली, सोबत डबाभर आलूबोंडे. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग होता. रेघ सारखी भलतीकडे जायची आणि आई पेन्सिलीलाच रागवायची. प्रयोग संपला की प्रयोज्याला विचारायचं, “आपको कैसा लगा?” आणि तो सांगेल ते उतरवून घ्यायचं. याला अंतर्निरीक्षण म्हणतात. खरं तर कुणी काही विचारत नाही. सगळे एकच वाक्य लिहून मोकळे होतात: पहले थोड़ा डर लगा, फिर अच्छा लगा. मी मात्र आईला खरंच विचारलं, तर ती इतकं बोलली, इतकं बोलली की बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हात जोडले. घरी येऊन तिनं त्या ठरीव वाक्याची नक्कल करून बाबांना हसवलं. पुढे कित्येक दिवस भाजी कशी झाली विचारलं की बाबा म्हणायचे, “पहले थोड़ा डर लगा, फिर अच्छा लगा.”

दुसरं वर्ष सुरू झालं आणि आई गेली. साधा ताप आहे म्हणता म्हणता गेली.

मला रडू आलं नाही. नागपूरहून आलेल्या माम्या, मावश्या एकमेकींना सांगत होत्या, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी झाले होते मी. चिमटा काढला तरी तो दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटावा. मी वर्गात जायची, मुलांच्या भावनिक विकासावरचं लेक्चर ऐकायची, टिपणं काढायची. अबोल मुलाला बोलतं कसं करावं यावर मी पानंच्या पानं लिहिली. मार्क उलट वाढले.

घरी बाबा होते. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, मुळात कमी बोलणारे. आमच्यात आता तीनचार वाक्यं उरली होती. दूध आलं. गॅस संपत आलाय. दार लावून घे. कसं वाटतंय, हे ना त्यांनी मला विचारलं, ना मी त्यांना.

परीक्षा आली. एका मैत्रिणीनं तिच्या वहिनीला माझी प्रयोज्य म्हणून द्यायचं कबूल केलं होतं. ऐन आदल्या दिवशी वहिनीला ताप भरला. संध्याकाळी मी बाबांना विचारलं.

“मी काय करणार तिथे?” ते म्हणाले. “असल्या ठिकाणी तुझी आई जायची.”

“नाही तर परीक्षा बुडेल.”

“मग?”

“मग काही नाही. बुडली तर बुडली. मला काही वाटत नाही.”

हे मी रागानं म्हटलं नव्हतं. खरंच काही वाटत नव्हतं. दोन वर्षांचा अभ्यास, आईची हौस, सगळं पाण्यात गेलं असतं आणि मी जेवून झोपले असते. बाबांनी पेपरातून मान वर काढून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. कुलूप लावून त्यांनी किल्ली वरच्या खिशात टाकली आणि खिसा चाचपला. आई असेपर्यंत त्यांनी कधी किल्ली बाळगली नव्हती. ते यायचे तेव्हा दार उघडायला ती असायचीच.

कॉलेजात उचललेल्या चिठ्ठीत मला शब्द-साहचर्याचा प्रयोग आला. मी यादीतला एक हिंदी शब्द म्हणायचा, प्रयोज्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, मी स्टॉपवॉच दाबून वेळ मोजायची. चेहरा कोरा ठेवायचा, मदत करायची नाही. चेहऱ्याचा काही प्रश्नच नव्हता.

“दफ्तर.”

“फाइल.”

“तालाब.”

“शाहपुरा.”

“बाज़ार.”

“थैली.”

“घर.”

घड्याळ चालत राहिलं. बाबांचा हात खिशाकडे गेला.

“कुलूप,” ते म्हणाले. एवढा एकच शब्द मराठीतून.

मी तो लिहिला. घड्याळ थांबवायचं राहून गेलं.

यादी संपली तेव्हा परीक्षक बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता अंतर्निरीक्षण. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, “आपको कैसा लगा?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, “हे घरी विचारलं असतं, तर घरीच सांगितलं असतं की गं.”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. परीक्षक बाईंना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, “क्या कह रहे हैं?”

बाबा सरळ बसले आणि जबाब दिल्यासारखं म्हणाले, “जी, पहले थोड़ा डर लगा, फिर अच्छा लगा.”

बाईंनी मान डोलावली. मी लिहिलं. अक्षर नीट येत नव्हतं.

आटोतून घराशी उतरल्यावर बाबांनी खिशातून किल्ली काढली. ती कुलपाला लागण्याआधी मी विचारलं, “बाबा, कसं वाटतंय तुम्हाला?”

ते किल्ली हातात धरून तसेच पायरीवर बसले. इतके दिवस कुणी विचारायची वाट बघत असावेत, तसं लगेच म्हणाले, “फार वाईट वाटून राहिलं गं.” मग म्हणाले, “तुला?”

मी सांगायला गेले आणि मला रडू फुटलं. समोरच्या काकू ठेल्यावर सब्जी निवडता निवडता आमच्याकडे बघत होत्या. बघू देत म्हटलं. कुलूप बराच वेळ तसंच होतं.